अनुनादी क्ष-किरण प्रकीर्णन आणि मल्टिफेरोइक ऑक्साइडांतील चार्ज ऑर्डर : शिखर उजळले, पण त्यातून नेमके काय सिद्ध झाले?

घटप्रभा (बेळगाव)

नमस्कार. बेळगावातील ज्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, तेथून एम.एस्सी. झालेली एक विद्यार्थिनी सध्या पीएच.डी.साठी संशोधन-प्रस्ताव लिहीत आहे. तिने निवडलेला पदार्थ ल्युटेशियम फेराइट हा आहे. म्हणजे ल्युटेशियमच्या एका अणूमागे लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू असलेले ऑक्साइड. त्यातील लोहाची सरासरी संयुजा अडीच येते, त्यामुळे निम्मे लोह द्विसंयुजी आणि निम्मे त्रिसंयुजी असते, आणि सुमारे ३२० केल्व्हिनच्या खाली हे दोन प्रकार ठरावीक जागा धरून बसतात; यालाच चार्ज ऑर्डर म्हणतात. इकेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये असे मांडले की या मांडणीतूनच पदार्थाला लोहविद्युत् गुणधर्म, म्हणजे आपोआप टिकणारा आणि विद्युत्-क्षेत्राने उलटवता येणारा विद्युत्-ध्रुव, येतो. सुमारे २४० केल्व्हिनला त्यात चुंबकीय क्रमही निर्माण होत असल्यामुळे हा पदार्थ मल्टिफेरोइकांच्या, म्हणजे विद्युत् आणि चुंबकीय असे दोन्ही क्रम एकत्र असलेल्या पदार्थांच्या, यादीत मानाने जाऊन बसला.

विद्यार्थिनीच्या प्रस्तावातील तर्क असा आहे : क्ष-किरणांची ऊर्जा लोहाच्या के-कडेवर, म्हणजे लोहाच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे शोषण जेथे एकदम वाढते त्या ७.११२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास न्यायची (हाच अनुनाद). तेथे एक-तृतीयांश, एक-तृतीयांश या निर्देशांकांचे सुपरलॅटिस शिखर (मूळ कोशिकेपेक्षा मोठ्या पुनरावृत्तीतून येणारे विवर्तन-शिखर) उजळले, की चार्ज ऑर्डर सिद्ध झाली. आणि चार्ज ऑर्डर सिद्ध झाली, की लोहविद्युत् गुणधर्माचे मूळ सापडले. मला या साखळीतील दोन्ही कड्या कच्च्या वाटतात, परंतु नेमके बोट कोठे ठेवावे हे मला तिला नीट सांगता येत नाही. आपल्या भागातील ज्यांनी प्रत्यक्ष सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे हव्या त्या ऊर्जेचे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कण-त्वरकावर, काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वेदगंगा (निपाणी)

घटप्रभा ताई, आपली शंका रास्त आहे, आणि दोन्ही कड्या खरोखरच कच्च्या आहेत; मात्र त्यांचा कच्चेपणा वेगवेगळ्या प्रकारचा आहे, म्हणून एकेक घेतो.

प्रथम अनुनाद बाजूला ठेवू. द्विसंयुजी लोहात २४ इलेक्ट्रॉन असतात आणि त्रिसंयुजी लोहात २३. साध्या क्ष-किरण विवर्तनात अणूची प्रकीर्णनक्षमता इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असल्यामुळे या दोन अणूंतील फरक फार तर एका इलेक्ट्रॉनाएवढा, आणि तोही बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनाचा, ज्याचा वाटा प्रकीर्णनाचा कोन वाढेल तसा झपाट्याने घटतो. याउलट लोहाची संयुजा बदलली की भोवतालचे ऑक्सिजन अणू थोडे जवळ येतात किंवा थोडे दूर सरकतात, आणि अणूंच्या या सरकण्यातून उपजणारी तीव्रता त्या एका इलेक्ट्रॉनाच्या फरकापेक्षा सहसा कितीतरी मोठी असते. म्हणून सुपरलॅटिस शिखर दिसणे याचा अर्थ रचनेच्या पुनरावृत्तीचे अंतर वाढले, एवढाच. ते विद्युतभारामुळे वाढले की केवळ अणू सरकल्यामुळे, हे शिखर स्वतः सांगत नाही.

अनुनादाचा उपयोग येथे सुरू होतो. अणूचा प्रकीर्णन-घटक तीन भागांचा असतो : ऊर्जेवर अवलंबून नसलेला मूळ भाग, आणि शोषण-कडेजवळ वेगाने बदलणारे वास्तव व काल्पनिक असे दोन दुरुस्तीभाग. द्विसंयुजी लोहाची के-कड त्रिसंयुजी लोहाच्या कडेपेक्षा काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली असते. त्यामुळे या दोन कडांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात दोन अणूंतील फरक एका इलेक्ट्रॉनावरून काही इलेक्ट्रॉनांएवढा होतो. एरवी जवळजवळ सारखे दिसणारे दोन अणू त्या पट्ट्यात स्पष्टपणे वेगळे पडतात, आणि म्हणूनच ही पद्धत निवडली जाते.

परंतु शिखर उजळेलच असे नाही, आणि प्रस्तावातील पहिली कडी येथेच तुटते. सुपरलॅटिस शिखराच्या आयामात दोन वाटे असतात, अणूंच्या सरकण्याचा आणि संयुजेतील फरकाचा. मोजली जाते ती त्यांच्या बेरजेच्या वर्गाएवढी तीव्रता. दोन्ही एकाच कलेत असतील तर शिखर उजळते, विरुद्ध कलेत असतील तर त्याच ऊर्जेला ते मंदावते, आणि एकाच स्फटिकातील दोन शिखरांपैकी एक उजळून दुसरे मंदावणे हे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय कड ओलांडताना नमुन्यातील शोषण एकदम वाढते, किरण कमी खोल जातात आणि सगळीच शिखरे खाली येतात. ही शोषणाची दुरुस्ती केल्याशिवाय ऊर्जालेखाच्या, म्हणजे ऊर्जेनुसार तीव्रता कशी बदलते याच्या आलेखाच्या, आकाराविषयी काहीही बोलणे धोक्याचे आहे. म्हणून निकष ठेवायचा तो अनेक शिखरांच्या ऊर्जालेखांचा आकार एकाच रचनेतून आणि संयुजांच्या एकाच वाटणीतून गणिताने निघतो का, हा. शक्य असेल तेथे अशी शिखरे निवडावीत, जेथे अणूंच्या सरकण्याचा वाटा जवळजवळ शून्य आहे. तेथे अनुनादाचा वाटा स्वच्छ उरतो.

आणखी एक गुंता दिशांचा आहे. कडेजवळ प्रकीर्णन-घटक ही साधी संख्या न राहता प्रदिश बनतो, म्हणजे किरणांच्या ध्रुवणाची दिशा आणि अणूभोवतीची सममिती यांवर तो अवलंबून राहतो. केवळ संयुजेतील फरकाचा भाग स्फटिकाला प्रकीर्णन-सदिशाभोवती फिरवले तरी बदलत नाही आणि ध्रुवणाची दिशाही पालटत नाही. असममितीचा भाग मात्र फिरवण्याबरोबर कमी-जास्त होतो आणि ध्रुवण ९० अंशांनी पालटू शकतो. या फरकाकडे पुरेसे लक्ष न दिल्याने काय होते, याचे उदाहरण मँगनाइटांच्या (मँगनीज असलेल्या ऑक्साइडांच्या) इतिहासात आहे. मुराकामी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली लँथेनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटमध्ये मँगनीजच्या के-कडेवर विद्युतभार आणि ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन-मेघांचे आकार व दिशा) या दोन्ही क्रमांचे प्रत्यक्ष निरीक्षण झाल्याचे मांडले. १९९९ साली बेनफातो, जोली आणि नातोली यांनी दाखवले की ज्याला ऑर्बिटल क्रमाची खूण म्हटले गेले, तिचा बहुतांश भाग यान-टेलर विकृतीतून, म्हणजे शेजारच्या ऑक्सिजन अणूंच्या असमान अंतरांतूनच येतो. कारण सरळ आहे. के-कडेवरचे संक्रमण १एस पातळीवरून ४पी पातळीकडे होते, आणि पसरट ४पी पातळीला शेजाऱ्यांची अंतरे फार चटकन जाणवतात, तर ज्या ३डी इलेक्ट्रॉनांविषयी आपल्याला विचारायचे असते ते तिच्यापासून बरेच दूर राहतात.

आता दुसरी कडी. ल्युटेशियम फेराइटमध्ये लोहाचे थर त्रिकोणी जाळ्याचे असतात आणि दोन-दोन थरांच्या जोड्या असतात. इकेडा यांच्या चित्रात प्रत्येक जोडीतील एका थरात द्विसंयुजी लोह जास्त व दुसऱ्यात त्रिसंयुजी जास्त. म्हणून जोडीला विद्युत्-ध्रुव मिळतो. २०१२ साली डी ग्रूट आणि सहकाऱ्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये एकस्फटिकाच्या रचनेवरून वेगळेच चित्र दिले : जोडीतील दोन्ही थर सारख्याच प्रकारचे, एका जोडीत द्विसंयुजी लोह अधिक आणि शेजारच्या जोडीत त्रिसंयुजी अधिक. अशा रचनेत विद्युतभार जोड्यांमध्ये वाटला जातो, पण जोडीच्या आत ध्रुव उरत नाही. रचना केंद्र-सममित राहते आणि लोहविद्युत् गुणधर्माला जागाच राहत नाही. त्याच सुमारास परावैद्युत मापनांच्या फेरतपासणीतून असेही दिसले की पूर्वी मोजलेला प्रचंड परावैद्युत-स्थिरांक मुख्यतः विद्युताग्र आणि नमुना यांच्या स्पर्शाच्या ठिकाणचा परिणाम होता. म्हणजे चार्ज ऑर्डर खरी, आणि तिच्यावर उभारलेली लोहविद्युत् ही कल्पना डळमळीत. दोन्ही गोष्टी एकाच पदार्थाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे प्रस्तावात यायला हवे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मॅडमनी ज्या प्रस्तावाचा उल्लेख केला तो माझा आहे. वेदगंगा सर, ४पी पातळी शेजाऱ्यांनाच जास्त ओळखते हे मान्य केले, तर मग थेट एल-कडेवर का जाऊ नये? तेथे संक्रमण २पी वरून ३डी कडे होते, म्हणजे ज्या इलेक्ट्रॉनांविषयी प्रश्न आहे त्यांनाच आपण विचारतो. मी वाचलेल्या बऱ्याच लेखांत मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांचा हाच फायदा सांगितला आहे, मग ल्युटेशियम फेराइटवरील काम मुख्यतः के-कडेवर का झाले, हे मला उलगडत नाही.

वेदगंगा (निपाणी)

प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर कागद-पेन्सिलीने निघते. लोहाची एल-३ कड सुमारे ७१० इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे; त्या ऊर्जेला तरंगलांबी सुमारे १७.५ अँगस्ट्रॉम येते. ब्रॅगच्या नियमानुसार किरण पूर्ण मागे वळवले तरी पृष्ठांतर तरंगलांबीच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे ८.७ अँगस्ट्रॉमहून, कमी असेल तर परावर्तन मिळूच शकत नाही. आता ल्युटेशियम फेराइटच्या षट्कोनी कोशिकेची बाजू ३.४४ अँगस्ट्रॉम आहे. एक-तृतीयांश, एक-तृतीयांश या सदिशाचे पृष्ठांतर त्या बाजूच्या दीडपट, म्हणजे सुमारे ५.२ अँगस्ट्रॉम; त्यात सी-अक्षाचा (थरांना लंब दिशेचा) घटक मिळवला की ते आणखी कमी होते. म्हणून आपल्याला हवे असलेले शिखर लोहाच्या एल-कडेवर आवाक्याबाहेरच राहते. एल-कडेवर शोषण-मापन करता येईल, वर्तुळी ध्रुवित किरणांनी दोन्ही प्रकारच्या लोहाचे चुंबकत्वही वेगळे काढता येईल, पण अवकाशातील क्रम मात्र तेथे दिसणार नाही.

हेच गणित दुसऱ्या पदार्थांत वेगळे उत्तर देते. टर्बियम-मँगनीज ऑक्साइड, ज्यात दोन मँगनीज व पाच ऑक्सिजन असतात, त्याच्या चुंबकीय क्रमाचा सदिश अर्धा, शून्य, पाव असा आहे. पृष्ठांतर सुमारे १२.३ अँगस्ट्रॉम येते. मँगनीजच्या एल-कडेवर (सुमारे ६४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट) किमान मर्यादा ९.७ अँगस्ट्रॉम आहे, म्हणून हे शिखर सहज मिळते. ऑक्सिजनच्या के-कडेवर (सुमारे ५३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट) मर्यादा ११.७, म्हणून तेथेही ते जेमतेम बसते. त्या जेमतेम जागेचा उपयोग करून २०१० साली ऑक्सिजन स्वतःच चुंबकीय क्रमात भाग घेतो असे दाखवण्यात आले. या पदार्थात त्रिसंयुजी आणि चतुःसंयुजी मँगनीज वेगवेगळ्या स्फटिक-जागांवर असतात, त्यामुळे तेथील चार्ज ऑर्डर रचनेतच बांधलेली आहे आणि खरा प्रश्न चुंबकीय क्रमाचा उरतो.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

चर्चा चांगली चालली आहे, तथापि वेदगंगा सरांच्या एका विधानावर मी जरा अडखळलो. द्विसंयुजी लोहाची कड खाली आणि त्रिसंयुजीची वर, हे खरे. परंतु कडेचे स्थान केवळ संयुजेवर ठरत नाही. बंधाची लांबी, शेजाऱ्यांची संख्या आणि त्यांची मांडणी यांमुळेही कड सरकते. म्हणून कड अमुक इलेक्ट्रॉन-व्होल्ट सरकली, यावरून विद्युतभाराचा फरक अमुक इतका, असा थेट त्रैराशिक मांडणारे लेख मी सावधपणे वाचतो.

मॅग्नेटाइटचे (तीन लोह व चार ऑक्सिजन असलेल्या ऑक्साइडाचे) उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९३९ साली व्हेर्वे यांनी सुमारे १२० केल्व्हिनला मॅग्नेटाइटचा विद्युतरोध एकदम वाढतो हे पाहून अष्टफलकी (सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या) जागांवरील द्विसंयुजी व त्रिसंयुजी लोह नीट रांगेत बसत असावे असे सुचवले. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ रचनेचा वाद मिटला नाही. राइट, ॲटफिल्ड आणि राडाएली यांनी २००१ साली विवर्तनातून भार-फरक सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनाचा काढला. नझारेंको आणि सहकाऱ्यांनी २००६ साली लोहाच्या के-कडेवरील अनुनादी विवर्तनातून तो सुमारे ०.१ इलेक्ट्रॉनाचा ठरवला. दुसरीकडे गार्सिया आणि सुबियास यांनी के-कडेच्याच मापनांवरून अणूंच्या पातळीवर चार्ज ऑर्डर नाहीच अशी भूमिका घेतली होती. अखेर २०१२ साली सेन, राइट आणि ॲटफिल्ड यांनी कमी तापमानाची पूर्ण रचना सोडवली आणि तीन लोह अणूंवर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांची, ज्यांना ते ट्रायमेरॉन म्हणतात, कल्पना मांडली. पूर्ण एक इलेक्ट्रॉन इकडून तिकडे, हे व्हेर्वे यांचे चित्र त्या पदार्थात सरळसरळ लागू पडले नाही.

म्हणून प्रस्तावात ‘द्विसंयुजी’ आणि ‘त्रिसंयुजी’ हे शब्द वापरताना त्यांमागे किती इलेक्ट्रॉनाचा फरक गृहीत धरला आहे, हे पहिल्याच पानावर लिहावे असे मला वाटते.

वेदगंगा (निपाणी)

हिरण्यकेशी, आपला आक्षेप मला मान्य आहे, पण तो सर्व पदार्थांना सारखाच लावू नये. मॅग्नेटाइटमध्ये भार-फरक लहान आहे, ल्युटेशियम फेराइटमध्ये तो जवळजवळ पूर्ण आहे. मुल्डर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोहाच्या के-कडेवर मोजमाप करून तेथे पूर्ण भार-विभागणी असल्याचे आणि ऑर्बिटलांचा मात्र कोणताही दीर्घपल्ल्याचा क्रम नसल्याचे दाखवले. त्यांनी त्याला ऑर्बिटल काच म्हटले. डी ग्रूट यांच्या रचनेतील लोह-ऑक्सिजन बंधांच्या लांबीवरून काढलेल्या संयुजाही दोन स्पष्ट गटांत पडतात. दोन स्वतंत्र मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा त्रैराशिकाविषयीची शंका बरीच हलकी होते. आणि त्रैराशिक मांडावेच लागू नये म्हणून तर जोली यांच्या एफडीएमएनईएस सारख्या संगणक-आज्ञावली आहेत, ज्या बंधांची लांबी आणि भोवतालची मांडणी धरून पूर्ण ऊर्जालेख काढून देतात.

मॅग्नेटाइटविषयी एक पुरवणी जोडतो. तेथे कोशिकेची बाजू ८.४ अँगस्ट्रॉम आणि खालच्या तापमानाला ती एका दिशेने दुप्पट होते. म्हणून शून्य, शून्य, अर्धा या शिखराचे पृष्ठांतर जवळपास १६.८ अँगस्ट्रॉम, आणि ते लोहाच्या एल-कडेवर आरामात मिळते. मलप्रभाकाठ यांना एल-कडेचेच काम करायचे असेल तर पदार्थ बदलावा, कड बदलण्याचा हट्ट धरू नये.

घटप्रभा (बेळगाव)

सर्वांचे आभार. एक प्रश्न आपल्या भागातील प्रयोगशाळांच्या संदर्भात विचारते. आमचे विद्यार्थी सोल-जेल पद्धतीने फेराइटे तयार करतात आणि धारवाड किंवा कोल्हापूर येथे एक्सआरडी (पावडरीचे क्ष-किरण विवर्तन) काढून आणतात. लोह असलेल्या नमुन्यांत पार्श्वभूमी फार वर चढलेली असते आणि शिखरे त्यात बुडतात, अशी त्यांची नेहमीची तक्रार आहे. त्या यंत्रावर या विषयाची काही पूर्वतयारी होऊ शकते का?

हिरण्यकेशी (संकेश्वर)

ती तक्रार म्हणजे शोषण-कडेचाच धडा आहे. तांब्याच्या नळीच्या के-अल्फा किरणांची ऊर्जा ८.०५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे लोहाच्या ७.११ च्या कडेपेक्षा वर. त्यामुळे नमुन्यातील लोह ते किरण शोषून स्वतःचे ६.४० चे किरण सगळीकडे उधळते, आणि तीच ती पार्श्वभूमी. कोबाल्टच्या नळीचे के-अल्फा किरण ६.९३ चे, म्हणजे कडेच्या खाली, म्हणून तेथे हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. विद्यार्थ्यांना एकच नमुना दोन्ही नळ्यांवर पाहायला मिळाला, तर शोषण-कड म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही. मात्र नळीची ऊर्जा हवी तशी सरकवता येत नाही, आणि पावडरीच्या नमुन्यात एवढी कमजोर सुपरलॅटिस शिखरे शोधणे फारसे हाती लागणारे काम नव्हे. त्या यंत्राचा खरा उपयोग नमुन्याची शुद्धता पाहण्यापुरता करावा. ल्युटेशियम फेराइटचे गुणधर्म ऑक्सिजनच्या किंचित कमी-जास्त प्रमाणानेही बदलतात, तेव्हा ही तपासणीसुद्धा किरकोळ समजू नये.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर, एवढे ऐकल्यावर मला असे वाटते की ध्रुव आहे की नाही हा प्रश्न अनुनादी पद्धतीलाच का विचारू नये? अनुनाद नसताना फ्रीडेलच्या नियमामुळे विरुद्ध निर्देशांकांच्या दोन परावर्तनांची तीव्रता सारखीच येते. कडेजवळ काल्पनिक भाग मोठा होतो आणि तो नियम मोडतो. मग रचना केंद्र-सममित नसेल तर त्या दोन तीव्रता वेगळ्या याव्यात, आणि केंद्र-सममित असेल तर सारख्या राहाव्यात.

वेदगंगा (निपाणी)

तत्त्वतः हे बरोबर आहे, आणि प्रस्तावाचा कणा म्हणून मला तुमच्या मूळ तर्कापेक्षा हाच प्रश्न अधिक आवडला. अडचण क्षेत्रांची (डोमेनांची), म्हणजे स्फटिकातील वेगवेगळ्या दिशांच्या भागांची, आहे. ध्रुवीय स्फटिकात वर आणि खाली अशा दोन्ही दिशांची क्षेत्रे समप्रमाणात मिसळलेली असतील, तर दोन तीव्रतांतील फरक सरासरीत पुसला जातो आणि फरक न दिसण्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून स्फटिक विद्युत्-क्षेत्रात थंड करून मोजमाप करावे लागेल, आणि विद्युत्-क्षेत्राची दिशा उलट केल्यावर फरकाचे चिन्हही उलटते का, हे पाहावे लागेल. शिवाय या पदार्थात चार्ज ऑर्डरची १२० अंशांनी फिरलेली तीन प्रकारची क्षेत्रेही बनतात. त्यांपैकी एकच प्रकार प्रबळ असलेला तुकडा आधी शोधावा लागतो. डी ग्रूट यांची रचना सुटली, त्यात अशा तुकड्याचा वाटा मोठा होता.

संयुजेचा आणि असममितीचा भाग वेगळा काढायला लागणाऱ्या ध्रुवण-विश्लेषणासाठी विश्लेषक स्फटिकाचा ब्रॅग कोन ४५ अंशांच्या जवळ हवा. लोहाच्या के-कडेवर तरंगलांबी १.७४३ अँगस्ट्रॉम, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या २२२ पृष्ठांचे अंतर १.२१६ अँगस्ट्रॉम; कोन ४५.८ अंश येतो, म्हणून तो स्फटिक चालतो. अशी सोय हॅम्बुर्गमधील पेट्रा-३ या सिंक्रोट्रॉनच्या पी-०९ आणि इंग्लंडमधील डायमंड या सिंक्रोट्रॉनच्या आय-१६ या बीमलाइनींवर (किरण-केंद्रांवर) आहे. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर लोहाच्या के-कडेचे शोषण-मापन आधी करून घ्यावे. तेथील ऊर्जालेख हाती असला की बाहेरचा बीमटाइम (यंत्रावरील वेळ) मागताना अर्ज बळकट होतो, आणि शोषणाच्या दुरुस्तीसाठी तो ऊर्जालेख पुढे लागतोच.

मलप्रभाकाठ (खानापूर)

समजले, सर. मग प्रस्तावाचे पहिले वर्ष स्फटिकासाठीच ठेवते. एकस्फटिक वाढवणारी फ्लोटिंग-झोन भट्टी आणि ऑक्सिजनचे प्रमाण सांभाळण्यासाठी कार्बन मोनॉक्साइड व डायऑक्साइडचे नियंत्रित मिश्रण ज्यांच्याकडे आहे, अशा गटाला आधी पत्र लिहिते. त्यांचे उत्तर आल्यावर इंदूरच्या अर्जाचा मसुदा येथेच ठेवते, मॅडम आणि आपण दोघांनीही तो पाहावा.